कला, कल्ला आणि कोमा_कोझे

2021 च्या मार्चमधला पहिला आठवडा. इटलीत रात्री दहानंतर घराबाहेर पडायला बंदी होती. त्याच दिवसांत एका रात्री लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या सान्रेमो गावात, अरिस्तोन थिएटरात, सगळा वाद्यवृंद नटूनथटून बसला होता. दिवे लागले होते, कॅमेरे फिरत होते आणि समोरच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दरवर्षी ज्या खुर्च्यांसाठी वशिले लावले जातात त्याच खुर्च्या. गाणं संपलं की गायकाच्या हाती पुष्पगुच्छ देण्याची तिथली जुनी प्रथा आहे. पण हातातून हातात काही द्यायचं नाही असा नियम झालेला, त्यामुळे सूत्रसंचालक अमादेउस तो गुच्छ चाकांच्या गाड्यावर ठेवून गायकाकडे ढकलत होते. रुग्णालयात जेवणाचं ताट येतं, तसा.

त्या मंचावर एक जोडी आली. तो चाळिशी ओलांडलेला, ती तिशीतली. दोघं एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघत गायला लागले. एरवी कुणी असं केलं असतं, तर लोकांकडे पाठ फिरवली म्हणून बोलणी खावी लागली असती. त्या वर्षी पाठ फिरवायला लोकच नव्हते. गाण्याचं नाव होतं ‘फियाम्मे नेल्यी ओक्की’, म्हणजे ‘डोळ्यांतल्या ज्वाळा’. जोडीचं नाव कोमा_कोझे. मध्ये ती खालची रेघ आहे, आणि ती छापताना गाळलेली चालत नाही.

सान्रेमोच्या पाच रात्रींच्या गाण्यांच्या स्पर्धेअखेर 26 जणांत त्यांचा नंबर आला विसावा. पहिली आली मानेस्किन ही रॉक मंडळी, जी दोन महिन्यांनी युरोव्हिजनही जिंकून जगभर गाजली. पण इटलीतल्या रेडिओवर त्या उन्हाळ्यात विसाव्या नंबरचं गाणं वाजत राहिलं, पुढे प्लॅटिनमही झालं. सान्रेमोचं हे नेहमीचंच आहे. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांसारखं: निकाल परीक्षकांचा, आणि लोक बोलत राहतात भलत्याच नाटकाबद्दल.

*

‘कोमा’ म्हणजे कोमाच, आपण डॉक्टरांच्या तोंडून ऐकतो तो. ‘कोझे’ म्हणजे वस्तू, गोष्टी. पहिल्या शब्दातलं शेवटचं अक्षर बदलून ‘कोमे कोझे’ केलं की अर्थ होतो ‘वस्तूंसारखे’. एका अक्षरानं अर्थ कुठल्या कुठे जातो, आणि ही गंमत या दोघांनी थेट पाटीवरच लावून ठेवली आहे. मराठीत याला आपण कोटी म्हणतो. कोटीबाज माणसाबद्दल आपल्याला कौतुक असतं आणि थोडी धास्तीही, कारण त्याला थांबता येत नाही. कोमा_कोझे यांची कारकीर्द म्हणजे मला वाटतं कोटीबाज माणसाला हळूहळू थांबता कसं आलं, याची गोष्ट आहे.

तो फाउस्तो झानार्देल्ली, मंचावरचं नाव फाउस्तो लामा. ‘लामा’ म्हणजे पातं, चाकूचं किंवा ब्लेडचं. जन्म 1978 चा, ब्रेशा जिल्ह्यातल्या गावार्दो या गावचा. गार्दा सरोवरापासून फार लांब नाही. ती फ्रांचेस्का मेसियानो, मंचावर नुसतीच कालिफोर्निया. जन्म 1990 चा, थेट ईशान्येकडच्या पोर्देनोनेचा. पोर्देनोने म्हणजे फौजी छावणीचं, शिस्तीचं गाव. पण 1980 च्या आसपास तिथल्या पोरांनी पंक संगीताची एक भलतीच चळवळ उभी केली होती, इतकी की आजही इटालियन रॉकच्या इतिहासात या छोट्या गावाला पान मिळतं. कालिफोर्नियाचा जन्म त्या गदारोळानंतरचा. मिलानला आल्यावर ती डीजे म्हणून रेकॉर्डी वाजवायची.

फाउस्तो त्याआधी अनेक वर्षं एकट्यानं गाणी करत होता, ‘एदिपो’ या नावानं. एदिपो म्हणजे ग्रीक शोकांतिकेतला तो ईडिपस. रेकॉर्डी निघाल्या, जाणकारांनी दखल घेतली, पण त्यावर घरभाडं भागेना. मिलानमध्ये घरभाडं हा प्रश्न काय असतो ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. शेवटी तो एका दुकानात विक्रेता म्हणून उभा राहायला लागला. तिथेच कालिफोर्नियाही कामाला होती. गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळेत दोघांची ओळख झाली, आधी नातं जमलं, मग गाणं. पहिलं गाणं, ‘कान्नीबालिझमो’, 2017 मध्ये आलं तेव्हा फाउस्तो चाळिशीला टेकला होता. हिपहॉपच्या जगात या वयाला लोक आठवणी लिहायला बसतात.

*

त्याच वर्षी त्यांची पहिली छोटी ध्वनिमुद्रिका आली: ‘इन्व्हेर्नो तिचिनेझे’. सरळ अर्थ ‘तिचिनेझेतला हिवाळा’. तिचिनेझे म्हणजे मिलानच्या दक्षिणेचा जुना वेशीचा भाग, पोर्ता तिचिनेझे. तिचिनो नदीकडे आणि पाविया शहराकडे जाणारी वाट इथून सुटते, म्हणून हे नाव. इथे जरा रेंगाळायला हवं, कारण हा भाग कळला नाही तर ही गाणीही कळत नाहीत.

शहराच्या मध्यातून कोर्सो दि पोर्ता तिचिनेझे या रस्त्यानं खाली आलात की डाव्या हाताला एकदम सोळा रोमन खांब उभे दिसतात, सान लोरेन्झोच्या चर्चसमोर एका रांगेत. पावणेदोन-दोन हजार वर्षांचे खांब, आणि त्यांच्या पायथ्याशी संध्याकाळी कॉलेजची पोरं बिअरच्या बाटल्या घेऊन बसलेली. शेजारून ट्राम जाते. पुढे मध्ययुगातली वेस. आणखी पुढे गेलं की दार्सेना, म्हणजे मिलानची जुनी गोदी. समुद्र कुठल्या कुठे, आणि शहराला गोदी! पण मिलान एकेकाळी कालव्यांचं शहर होतं. नाविल्यो ग्रांदे या कालव्यातून होड्या यायच्या, मिलानच्या महाकाय कॅथीड्रलसाठी कान्दोल्याच्या खाणीतला संगमरवर घेऊन. त्या मालावर जकात माफ होती आणि ओळखीसाठी तीन अक्षरांचा ठसा असे. त्याच ठशावरून इटालियनमध्ये ‘आ ऊफो’ म्हणजे ‘फुकटात’ हा वाक्प्रचार आला असं सांगतात. भाषापंडित यावर नाक मुरडतात, पण दंतकथा म्हणून ती मिलानला शोभते. शहराच्या मधले बरेच कालवे 1930 च्या आसपास बुजवले गेले. उरले ते इथले, नाविल्यो ग्रांदे आणि नाविल्यो पावेझे. ग्रांदेच्या काठी ‘धोब्यांची गल्ली’ अजून आहे, कौलारू छपराखाली कपडे घासायच्या शिळांसकट. कपडे मात्र कुणी धुवत नाही, लोक शिळांपाशी फोटो काढतात. दार्सेना कैक वर्षं उकिरड्यासारखी पडून होती. 2015 च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं तिची डागडुजी झाली आणि मग कॉफी महागली.

कोमा_कोझे यांचं मिलान हे असं आहे: अर्धवट सुधारलेलं, अर्धवट ओशाळलेलं. फॅशनच्या मासिकातलं मिलान त्यांच्या गाण्यात फारसं नाही. दुकानातली पाळी संपवून, थंडीत, धुक्यात, पैसे मोजून मोजून संध्याकाळ काढणाऱ्या माणसाचं मिलान आहे. मोठ्या शहरात बाहेरगावाहून आलेला माणूसच त्या शहराचे रस्ते नीट पाठ करतो, जन्मलेल्याला ते बघावे लागत नाहीत. गावार्दो आणि पोर्देनोने इथून आलेल्या या दोघांनी तिचिनेझेच्या गल्ल्या अशाच पाठ केल्या.

त्यांचं ‘विया गोला’ नावाचं एक गाणं आहे. ही गल्ली नाविल्यो पावेझेला लागून. सरकारी चाळी, त्यांतल्या कैक खोल्यांवर बेकायदा ताबा, भिंतींवर रंगांची चित्रं, कोपऱ्यावर नशेचा धंदा, आणि हाकेच्या अंतरावर पर्यटकांची हॉटेलं. ‘गोला’ म्हणजे घसा. पण गल्लीला नाव दिलंय ते एमिलिओ गोला या चित्रकाराचं (1851–1923), ज्यानं याच कालव्यांची आणि काठावरच्या धोबिणींची चित्रं काढली. तेव्हा एका नावात घसाही आला, चित्रकारही आला, धोबिणीही आल्या. असं आयतं काही सापडलं की फाउस्तो लामा सोडत नाही.

*

आता कोट्यांकडे येऊ. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत एक गाणं आहे ‘आनिमा लात्तिना’. इटलीत कुठल्याही पन्नाशीतल्या माणसाला हे नाव ऐकून हसू येईल, कारण 1974 मध्ये लुचो बात्तिस्ती या इटालियन सुगम संगीतातल्या दैवतानं ‘आनिमा लातिना’ नावाची रेकॉर्ड काढली होती. अर्थ: ‘लॅटिन आत्मा’. आमच्या या दोघांनी त्यात एक ‘त’ जादा घातला. ‘लात्तिना’ म्हणजे पत्र्याचा डबा, शीतपेयाचा किंवा बिअरचा. आत्मा तोच, पण चेपलेल्या डब्यात. इटालियनमध्ये एक व्यंजन दुप्पट केलं की अर्थ बदलतो, आणि परदेशी माणसाला ते ऐकायला जड जातं. मराठी माणसाला जाऊ नये. कला आणि कल्ला यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

2019 मध्ये त्यांचा पहिला पूर्ण अल्बम आला, एशियन फेक या मिलानच्याच छोट्या कंपनीकडून. नाव ‘हाइप ऑरा’. इंग्रजी शब्द, गाजावाजा आणि तेजोवलय वगैरे. इटालियन माणूस ‘ह’ उच्चारत नाही. त्याच्या तोंडी ते होतं ‘आय पाउरा’, म्हणजे ‘तुला भीती वाटते’. समोर बाजाराची भाषा, मागे घाबरलेला माणूस. यातलं एक गाणं ‘ग्रानाता’. हा शब्द इटालियनमध्ये हातबॉम्बलाही वापरतात आणि डाळिंबाच्या दाट लाल रंगालाही. दुसरं ‘मान्कार्सी’. याचा एक अर्थ एकमेकांची उणीव भासणं, आणि दुसरा एकमेकांना चुकणं, म्हणजे तो या रस्त्यानं आणि ती त्या रस्त्यानं. मराठीत या दुसऱ्यासाठी नेमका शब्द आहे: चुकामूक. उणीव आणि चुकामूक एकाच क्रियापदात बसवणारी भाषा प्रेमगीतांसाठीच घडली असावी असा मला संशय आहे.

माझं इटालियन कामचलाऊ. यांची बरीचशी कोटी मला दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कळते, आणि काही तर कुणी समजावल्यावर. पण इटालियनमध्ये रॅप करणं मुळात का अवघड, हे लक्षात आलं की या माणसाच्या कारागिरीबद्दल आदर वाटायला लागतो. इटालियन शब्द बहुतेक सगळे स्वरांत संपतात, आणि आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. शेवटच्या अक्षरावर ठोसा बसेल असे शब्द मोजके. ऑपेराच्या पदकारांनाही हा त्रास होता. म्हणून ते ‘आमोरे’चं ‘आमोर’ करत, शेपूट छाटत. पुढच्या गीतकारांनी भविष्यकाळाचा आधार घेतला, कारण ‘मी करीन’, ‘मी होईन’ या रूपांत आघात शेवटी येतो. इटालियन गाण्यांत जो तो सारखी वचनं देत असतो, त्यामागे प्रेमाइतकंच व्याकरणही आहे! हिपहॉपला तर ओळीच्या शेवटी ठोसाच हवा. इंग्रजीत एकाक्षरी शब्दांचा ढीग असतो, आपल्याकडे ‘घर’, ‘दार’, ‘वाट’ सगळे व्यंजनावर टक्कन थांबतात. इटालियन रॅपरला तो ठोसा नाही, म्हणून तो दोन-दोन, तीन-तीन अक्षरांची यमकं रचतो, आवाजाच्या सारखेपणावर खेळतो. तिथून कोटी एका पावलावर असते. फाउस्तोची शैली बोलण्याकडे झुकलेली, थोडी आळसावलेली. तो घाई करत नाही, ओळ संपली तरी शब्द मागे रेंगाळतो. कालिफोर्निया कधी ध्रुवपद गाते, कधी त्याचीच ओळ पुढे उचलते. तिचा आवाज फार मोठा नाही, गोड आणि किंचित कोरडा आहे. त्याच्या बडबडीला तो लगाम घालतो.

सूर-ताल रचणारी आणखी एक जोडी यांच्या मागे आहे: मामाकास, म्हणजे फाबिओ दाले आणि कार्लो फ्रिजेरिओ. ही दोघं म्हणजे या कंपूचा निम्मा कणा. सुरुवातीच्या गाण्यांत जुन्या हिपहॉपचा ठेका आहे, ठसठशीत बास आहे आणि वरून एकदम सत्तरच्या दशकातल्या इटालियन सुगम संगीताची हळवी लकेर. हे मिश्रण त्या वेळी कुणाकडे नव्हतं. एकीकडे मिलानच्या उपनगरांतून स्फेरा एब्बास्ता, गाली यांसारखे ट्रॅपवाले पुढे आले होते. दुसरीकडे कालकुत्ता नावाच्या गायकाच्या (नाव खरंच आपलं कलकत्ता) 2015 च्या ‘मेनस्ट्रीम’ अल्बमनंतर हळव्या, घरगुती इंडी-पॉपची लाट आलेली. कोमा_कोझे दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभे राहिले. दोन डगरींवर हात ठेवणाऱ्याबद्दल आपली म्हण फार कडक आहे, पण संगीतात ती दरवेळी खरी ठरत नाही.

तरीही ‘हाइप ऑरा’ ऐकताना एक तक्रार राहते. हुशारी फार आहे. प्रत्येक ओळीत काहीतरी लपवलेलं, प्रत्येक नावात दोन अर्थ. तीन गाणी झाली की श्रोता गाणं ऐकायचं सोडून कोडी सोडवायला लागतो. गडकऱ्यांच्या ‘बाळकराम’मध्ये वाचक कधीकधी दमतो ना, तसं.

*

म्हणून 2021 चं ते रिकाम्या थिएटरातलं गाणं महत्त्वाचं. ‘फियाम्मे नेल्यी ओक्की’ या नावात मला तरी कोटी सापडली नाही. सरळ प्रेमगीत आहे, सरळ चालीचं, दोन माणसांनी एकमेकांना म्हटलेलं. जो माणूस इतकी वर्षं शब्दांच्या मागे लपला, त्यानं लपायचं सोडलं, आणि तेही नेमकं देशातल्या सर्वांत मोठ्या मंचावर. याला धाडस म्हणायचं की हिशेब? दोन्ही असावं. सान्रेमो ही स्पर्धा 1951 पासून चालू आहे, आणि तिथे कोडी घालून चालत नाही. आजीपासून नातवापर्यंत सगळं घर टीव्हीसमोर असतं.

त्याच आठवड्यात, जुनी गाणी गायच्या रात्री, त्यांनी बात्तिस्तीचं 1972 चं ‘इल मिओ कान्तो लिबेरो’ निवडलं. सोबत मामाकास, आणि गिटारवर आल्बेर्तो रादिउस, जो स्वतः बात्तिस्तीच्या वादकांपैकी एक. चार वर्षांपूर्वी ज्याच्या आत्म्याला पत्र्याच्या डब्यात घातलं होतं, त्याच्याच गिटारवाल्याला शेजारी उभं करून त्याचंच गाणं गायचं. चेष्टा करणाऱ्यानं शेवटी वाकून नमस्कार केला, असं मला ते बघताना वाटलं. रादिउस 2023 च्या फेब्रुवारीत गेला.

2021 च्या त्या सान्रेमोनंतर पुढच्याच महिन्यात त्यांचा दुसरा अल्बम आला, ‘नोस्त्राल्जिया’. नॉस्टॅल्जिया या शब्दात ‘नोस्त्रा’, म्हणजे ‘आपली’, मिसळलेला. कोट्या अजून होत्या, पण आता त्या खिशातल्या सुट्या पैशांसारख्या, सारख्या खुळखुळणाऱ्या नव्हेत. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये ‘उन मेराविल्योझो मोदो दि साल्वार्सी’ आला: ‘स्वतःला वाचवायची एक अफाट रीत’. या दोन्ही अल्बमबद्दल मला फार लिहायचं नाही. चांगले आहेत, पण पहिल्या छोट्या ध्वनिमुद्रिकेतली थंडी आणि भूक त्यांत नाही. भूक भागली की गाण्यातली भूक जाते, याला इलाज नाही.

*

इथून पुढे गोष्ट वेगळं वळण घेते. रस्ता, गल्ली, दुकान हे विषय मागे पडले आणि दोघांचं नातं हाच विषय झाला. 2023 मध्ये ते पुन्हा सान्रेमोला गेले, गाणं ‘लाद्दियो’, म्हणजे ‘निरोप’. मधल्या काळात दोघांचं नातं तुटायला आलं होतं, हे त्यांनीच सांगितलं होतं. गाणं त्यावरचं, आणि मंचावर पुन्हा तेच दोघं. नाव निरोपाचं, पण निरोप घेणं जमत नाही असं सांगणारं. क्रमांक आला तेरावा. त्याच आठवड्यात त्यांनी लग्न करणार असल्याचंही सांगून टाकलं, आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये ते मिलानमध्ये केलं.

इटलीला असं गाणारं जोडपं नवीन नाही. आल्बानो आणि रोमीना पॉवर 1970 मध्ये लग्न करून वर्षानुवर्षं हातात हात घालून गायले. 1982 च्या सान्रेमोत ‘फेलिचिता’ दुसरं आलं, 1984 मध्ये त्यांनी स्पर्धाच जिंकली. सुखी संसाराचं ते सरकारी चित्र होतं. 1999 मध्ये ते वेगळे झाले आणि सगळ्या देशानं ते स्वतःच्या घरातलं दुखणं असल्यासारखं मनाला लावून घेतलं. 2013 मध्ये मॉस्कोत ते पुन्हा एका मंचावर गायले, तीही राष्ट्रीय बातमी झाली. संसार हाच गाण्याचा कच्चा माल झाला की घरातलं भांडण खासगी राहत नाही आणि गोडवाही राहत नाही. दोन्हींवर प्रेक्षकांचा हक्क तयार होतो. कोमा_कोझे यांच्याबद्दल मला काळजी वाटत आली ती एवढीच. आल्बानो-रोमीनांनी फक्त गोडवा विकला. या दोघांनी भांडणही विकायला काढलं. प्रामाणिकपणा म्हणून ते वरचं आहे. धोका म्हणूनही.

सान्रेमोत पाहुण्यांसोबत जुनी गाणी गायच्या रात्री त्यांनी निवडलेली गाणीही बघण्यासारखी आहेत. 2023 मध्ये बाउस्तेल्ले या मंडळींबरोबर ‘सारा पेर्के ती आमो’, रिक्की ए पोवेरी यांचं 1981 चं गाणं, जे तिथे लग्नात, सहलीत, फुटबॉलच्या मैदानात कुठेही सुरू होतं. आणि 2025 मध्ये ‘लेस्ताते स्ता फिनेन्दो’, म्हणजे ‘उन्हाळा संपत आला’. मूळ गाणं 1985 चं, रिगेइरा या तूरीनच्या जोडीचं. हेच ते ‘वामोस आ ला प्लाया’वाले. त्या गाण्यावर सगळं युरोप नाचलं, आणि त्यात किनाऱ्यावर पडलेल्या अणुबॉम्बचा विषय आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. रिगेइरांपैकी जॉन्सन रिगेइरा या वेळी मंचावर होता, दुसरा नव्हता. ती जोडी केव्हाच फुटलेली. फुटलेल्या जोडीतला एक, आणि चार महिन्यांपूर्वी लग्न झालेले दोघं, उन्हाळा संपत आल्याचं गाताना. ही निवड योगायोगाची असेल असं मला वाटत नाही. कोटीबाज माणूस शब्दांतून गेला तरी असा दुसऱ्या वाटेनं परत येतो.

*

2025 च्या फेब्रुवारीतल्या सान्रेमोचं त्यांचं स्वतःचं गाणं ‘कुओरिचिनी’. आपण पत्त्यांत ज्याला बदाम म्हणतो ते ‘कुओरे’, आणि फोनवर बोट टेकवून जे पाठवतो ते इटुकले बदाम म्हणजे ‘कुओरिचिनी’. चाल ऐंशीच्या दशकातल्या डिस्कोची. ध्रुवपद इतकं चिकट की एकदा ऐकलं की दिवसभर पिच्छा सोडत नाही. घरातली पोरं त्यावर नाचतात. शब्द ऐकले तर गाणं नाचण्याचं नाही. बदामांची भीक मागणाऱ्या जगाचं आहे, जिथे प्रेमाच्या जागी प्रेमाचं चिन्ह चालतं. आणि ते गातंय कोण? तर ज्यांचं प्रेम 2021 पासून टीव्हीवर बघून लोकांनी बदाम पाठवले, तेच दोघं. ही टीका त्यांनी स्वतःला धरून केली असेल तर ती त्यांची सर्वांत तिखट कोटी आहे. नसेल, तर बाजारानं त्यांच्यावर केलेली. मी पहिल्या बाजूचा.

29 जणांत दहावा नंबर आला. त्याच दिवसांत ‘वीता फूझा’ हा अल्बम बाहेर पडला. ‘वीता’ म्हणजे आयुष्य. ‘फूझा’ म्हणजे वितळलेलं, आणि मांजर अंगावर बसून जी घरघर करतं तिलाही इटालियनमध्ये ‘फूझा’च म्हणतात. वितळलेलं आयुष्य की घरघरणारं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

विसावा, तेरावा, दहावा. सान्रेमोच्या तक्त्यातली चढण एवढीच, आणि पहिल्या पाचांत ते कधी आले नाहीत. मला त्यांची सर्वोत्तम कामगिरी अजूनही 2017 चीच वाटते, आणि त्यानंतर एकच रात्र, 2021 ची. नव्यानं ऐकायचं असेल तर ‘कुओरिचिनी’पासून सुरुवात करू नका, ते कानात अडकून बसेल आणि बाकीचं ऐकू येणार नाही. आधी ‘आनिमा लात्तिना’ लावा, मग ‘विया गोला’, मग ‘मान्कार्सी’. त्यानंतर सान्रेमोच्या त्या रिकाम्या थिएटरातलं चित्रीकरण शोधा, आणि एकदा आवाज बंद करूनही पाहा.